दवाखाना कुणाचा?

अमेरिकेत हॉस्पिटलच्या विम्याचा आज जो अवाढव्य पसारा आहे, त्याची एक मोठी सुरुवात शाळामास्तरांपासून झाली, हे मला अलीकडेपर्यंत माहीत नव्हतं. साल १९२९. टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात बेलर हॉस्पिटलच्या खाटा रिकाम्या पडत होत्या आणि जे पेशंट येत त्यांची बिलं थकत होती. कारभार जस्टिन किंबल नावाच्या गृहस्थांकडे आला. हे आधी डॅलसच्या शाळांचे अधीक्षक होते. थकबाकीची वही चाळताना त्यांना ओळखीची नावं दिसू लागली. आपल्याच शाळांतले शिक्षक! मग त्यांनी तोडगा काढला. प्रत्येक शिक्षकाने महिन्याला अर्धा डॉलर द्यायचा आणि आजारी पडल्यास २१ दिवसांपर्यंत हॉस्पिटलात राहण्याचा खर्च हॉस्पिटलने सोसायचा. हजारावर शिक्षकांनी नावं नोंदवली. पुढे याच कल्पनेतून 'ब्लू क्रॉस' नावाच्या योजना देशभर उभ्या राहिल्या.

मी मिरजेजवळच्या एका हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. अमेरिकेच्या हॉस्पिटलांशी माझा संबंध आला तो धाकट्या बहिणीमुळे. तिच्या नणंदेने अर्ज करून ठेवला होता. त्यात नंबर लागला आणि चार वर्षांपूर्वी ती, तिचे शौहर आणि दोन मुलं ओहायो राज्यातल्या एका लहानशा शहरात गेली. गेल्या हिवाळ्यात तिच्या पित्ताशयातल्या खड्यांनी एका रात्री असा जोर केला की तातडीने ऑपरेशन करावं लागलं. त्या वेळी तिच्या शौहरची गोदामातली नोकरी जाऊन चार महिने झाले होते आणि नोकरीबरोबर घराचा आरोग्य विमाही गेला होता. तब्येत सुधारली, अल्हम्दुलिल्लाह. पण तीन आठवड्यांनी बिल आलं. चाळीस हजार डॉलरच्या वर. आपल्या पैशांत तीस लाखांहून जास्त.

आमच्या घरात सरकारी कागद वाचायचं काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. ती तिकडे रात्री कागदांचे फोटो पाठवायची, मी इकडे फजरनंतर शाळेची वेळ होईपर्यंत ते वाचायची. पहिल्याच दिवशी एका गोष्टीने मला गोंधळात टाकलं. हॉस्पिटलला एका ईसाई संताचं नाव होतं, कागदाच्या डोक्यावर क्रॉस होता आणि तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही ना-नफा संस्था आहे. धर्मादाय दवाखाना, आणि बिल हे असं? या एका प्रश्नाने मला वाचायला लावलं. त्याचं उत्तर पावणेतीनशे वर्षं मागे जातं.

फिलाडेल्फिया शहरात १७५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल स्थापन झालं. कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची, पण लोकांच्या गळी उतरवली ती बेंजामिन फ्रँकलिन यांनी. विधिमंडळातले सभासद पैसे द्यायला तयार नव्हते. फ्रँकलिननी युक्ती केली. लोकांनी वर्गणीतून २,००० पौंड जमवले, तरच सरकारने तेवढेच द्यावेत, असा ठराव मांडला. सभासदांना वाटलं, एवढी रक्कम जमणारच नाही, फुकटात पुण्य मिळेल. त्यांनी हात वर केले. लोकांनी मात्र रक्कम जमवली. त्या हॉस्पिटलात डॉक्टर सुरुवातीला बिनपगारी काम करत.

ते हॉस्पिटल गरिबांसाठी होतं, हे ध्यानात घ्यायला हवं. ज्याच्या घरी पलंग आणि नोकर होता तो हॉस्पिटलात पाऊल टाकत नसे. डॉक्टर घरी यायचे, बाळंतपण घरी, शस्त्रक्रियासुद्धा स्वयंपाकघरातल्या टेबलावर. हॉस्पिटलात जायचा तो एकटा मजूर, खलाशी, परक्या गावचा वाटसरू. त्यालाही पुष्कळदा एखाद्या देणगीदाराची शिफारस लागे, कारण मदत 'लायक' गरिबालाच द्यायची होती. ज्यांना तीही मिळत नसे ते सरकारी अनाथगृहवजा दरिद्रालयात जात. न्यूयॉर्कचं प्रसिद्ध बेलव्ह्यू हॉस्पिटल १७३६ च्या अशाच एका दरिद्रालयाच्या आजारी खोलीतून वाढलं. आपल्याकडे वक्फच्या उत्पन्नावर चालणारे बिमारिस्तान होते. सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये कैरोत बांधलेला तर फार मोठा. त्यांच्याविषयी या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. दान कायमचं बांधून ठेवायचं आणि त्याच्या उत्पन्नातून आजाऱ्याची सेवा करायची, ही रीत दोन्हीकडे ओळखीची.

एकोणिसाव्या शतकात जो तो समाज आपापलं हॉस्पिटल काढू लागला. कॅथलिक सिस्टर्सनी काढली, ज्यू लोकांनी १८५२ मध्ये न्यूयॉर्कला काढलं, तेच आजचं माउंट सायनाय. मिनेसोटातल्या रोचेस्टर गावावर १८८३ मध्ये चक्रीवादळ कोसळलं, जखमींना ठेवायला जागा नव्हती. तिथल्या फ्रान्सिस्कन सिस्टर्सनी मग १८८९ मध्ये सेंट मेरीज हॉस्पिटल उघडलं आणि मेयो डॉक्टर बापलेकांनी ते चालवायला घेतलं. आजचं जगप्रसिद्ध मेयो क्लिनिक ते हेच. त्याच लाटेचा एक फेस आमच्या मिरजेपर्यंत आला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे हॉस्पिटल सुरू केलं. आमच्या आजीच्या तोंडी ते शेवटपर्यंत 'मिशन दवाखाना'च होतं. बहिणीच्या बिलावरचा क्रॉस मला म्हणूनच परका वाटला नाही. परकी वाटली ती रक्कम.

मधल्या काळात काय झालं? एका वाक्यात सांगायचं तर पैसेवाले लोक हॉस्पिटलात यायला लागले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात १८४६ मध्ये ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखवली गेली. मग जंतूंचं ज्ञान आलं, १८७३ पासून नर्सिंगच्या शाळा निघाल्या, शतक संपता संपता क्ष-किरण आले. आता स्वयंपाकघरातलं टेबल पुरेना. १८७३ च्या मोजणीत सबंध देशात दोनशेदेखील हॉस्पिटलं नव्हती, १९०९ पर्यंत ती चार हजारांच्या वर गेली. सगळीच चांगली होती असं नाही. सर्जनांच्या संघटनेने १९१९ च्या सुमाराला शंभर किंवा जास्त खाटांची ६९२ हॉस्पिटलं तपासली, तेव्हा अगदी साधे निकष जेमतेम ८९ हॉस्पिटलं पाळत होती. नामांकित हॉस्पिटलंही नापास झाली होती. ती यादी म्हणे रातोरात हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली. निकालपत्रक लपवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत, परीक्षकांनीच ते जाळल्याचं हे पहिलंच उदाहरण.

पैसेवाल्यांबरोबर त्यांचे डॉक्टर आले. ते हॉस्पिटलचे नोकर नव्हते. हॉस्पिटलने त्यांना जागा, नर्सेस, ऑपरेशनची खोली वापरायची परवानगी द्यायची, त्यांनी पेशंट आणायचे आणि फी स्वतंत्र घ्यायची. आता पुष्कळ डॉक्टर हॉस्पिटलांच्या पगारावर आहेत, तरी जुनी रीत पुसली गेलेली नाही. माझ्या बहिणीला एका ऑपरेशनची चार बिलं आली. हॉस्पिटलचं वेगळं, सर्जनचं वेगळं, भूल देणाऱ्यांचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचं वेगळं. तिला वाटलं, चुकून पुन्हा पुन्हा पाठवताहेत. चूक नव्हती, शंभर वर्षांपूर्वीची व्यवस्था होती.

विमा नोकरीला कसा चिकटला, तीही अशीच जुनी गाठ आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. माणसं तर हवी होती. मग कारखानदारांनी पगाराऐवजी हॉस्पिटलचा विमा देऊ केला आणि त्या विम्यावर करही बसला नाही. युद्ध संपलं, गाठ तशीच राहिली. नोकरी गेल्यावर तोच विमा काही काळ चालू ठेवता येतो, पण मालक भरत होता तो हिस्साही आपणच भरायचा. ज्याचा पगार बंद झाला त्याने तो कुठून भरावा? म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना १९६५ मध्ये आल्या. पण ग्रीन कार्डवाल्यांना मेडिकेडसाठी सहसा पाच वर्षं थांबावं लागतं. बहिणीची चारच झाली होती.

मेडिकेअरची एक हकीकत मात्र मी शाळेत नववीच्या मुलींनाही सांगितली. तोवर दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या हॉस्पिटलात जागा नसे. असलीच तर तळघरातला वेगळा वॉर्ड. म्हणून तर डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांनी १८९१ मध्ये शिकागोत प्रॉव्हिडंट हॉस्पिटल काढलं, जिथे काळ्या मुलींना नर्सिंग शिकता येईल आणि काळ्या डॉक्टरांना काम करता येईल. १९४६ मध्ये सरकारने गावोगाव हॉस्पिटलं बांधायला पैसे दिले, त्या कायद्यातही 'वेगळे पण समान' ही पळवाट ठेवली होती. ग्रीन्सबोरो गावचे दंतवैद्य डॉ. जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे साथीदार कोर्टात गेले आणि १९६३ मध्ये ती पळवाट बंद झाली. पुढच्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा आला. त्याच्या सहाव्या प्रकरणाप्रमाणे सरकारी पैसा घेणाऱ्याला वंश, रंग किंवा मूळ देश पाहून भेदभाव करता येत नाही. मेडिकेअरचे पैसे हवेत तर वॉर्ड एकत्र करा, असं सरकारने बजावलं. जे वर्षानुवर्षं होत नव्हतं ते काही महिन्यांत बहुतेक ठिकाणी झालं.

याच सहाव्या प्रकरणाचा फायदा आज आपल्या बायकांना मिळतो. मूळ देशावरून भेदभाव नको, म्हणजे भाषेवरूनही अडवायचं नाही. त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला दुभाषी फुकट द्यावा लागतो. बहिणीच्या शेजारी एक हैदराबादच्या खाला राहतात. त्यांना तपासताना नर्सने चाकं लावलेला एक पडदा ओढत आणला आणि त्यातून एक बाई अस्खलित उर्दूत बोलू लागल्या. खाला म्हणाल्या, "मला वाटलं टीव्ही लावला." घरच्या माणसाला, त्यातून लहान मुलांना, आईच्या आजाराचं भाषांतर करायला लावू नये, अशी तिथे रीत आहे. मला ती फार आवडली. आपल्याकडे सिव्हिल हॉस्पिटलात आठवीतली पोर आईची दुखणी मराठीत सांगताना मी कितीदा पाहिलीय.

आतला कारभारही वेगळा. रात्री दीडला ती पोचली तेव्हा पैशाचं आधी कुणी विचारलं नाही. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सी असलेल्या जवळजवळ प्रत्येक हॉस्पिटलला येईल त्याला तपासावंच लागतं आणि जिवाला धोका असेल तर स्थिर करावंच लागतं, खिशात काही असो नसो. मात्र तो कायदा फुकट उपचाराचा नाही. बिल मागून येतंच. औषधं, सुया, कापूस सगळं आतूनच मिळालं, चिठ्ठी घेऊन मेडिकलकडे धावाधाव नाही. धर्म कोणता ते भरती करताना विचारून घेतलं होतं. सकाळी जेवणाच्या यादीत हलाल हवं का असंही विचारलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पाठवलं.

अम्मी फोनवर रडायलाच लागल्या. "टाके ओले असताना हाकलून दिलं काय गं?" त्यांच्या ऑपरेशनला दहा दिवस खाट होती, जावा-नणंदा डबे घेऊन यायच्या. एक तर हे ऑपरेशन आता दुर्बिणीतून होतं. दुसरं कारण हिशोबाचं. पूर्वी मेडिकेअर हॉस्पिटलला झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे देई, म्हणून पेशंट जितके दिवस राहील तितकं बरं. १९८३ पासून आजारागणिक एक ठरावीक रक्कम ठरली, मग तो दोन दिवस राहो की दहा. तेव्हापासून घरी पाठवायची घाई सुरू झाली. अम्मींना मी पहिलंच कारण सांगितलं.

आता बिलाकडे येते. शेजाऱ्याला विमा असता तर त्याच्या कंपनीने घासाघीस करून याच ऑपरेशनचे कितीतरी कमी पैसे दिले असते. सरकार त्याहून कमी देतं. यादीतला पूर्ण भाव लागू होतो तो विमा नसलेल्याला. उलटा बाजार! पण हॉस्पिटल कुणाचं आहे, यावर इथून पुढची वाट ठरते, आणि हीच गोष्ट तिकडे राहणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

तिथली सर्वसाधारण हॉस्पिटलं मालकीवरून तीन तऱ्हांची. अर्ध्याहून जास्त ना-नफा. काही नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांची. नॅशव्हिलला १९६८ मध्ये निघालेली एचसीए ही त्यांतली सगळ्यांत मोठी, तिचे शेअर बाजारात विकले जातात. आणि काही शहर, जिल्हा किंवा राज्य सरकारची, बेलव्ह्यूसारखी, जिथे आजही सगळ्यांत गरीब माणूस जातो. माजी सैनिकांची केंद्र सरकारची हॉस्पिटलं वेगळीच. मुलांची, मानसिक आजारांची, मेडिकल कॉलेजला जोडलेली, असे प्रकार कामावरून पडतात. मेम्फिसचं सेंट ज्यूड हे मुलांच्या कर्करोगाचं हॉस्पिटल १९६२ मध्ये डॅनी थॉमस या लेबनानी ईसाई घरातल्या नटाने उभं केलं. अरब वंशाच्या अमेरिकनांनी त्यासाठी वर्गणी जमवली, आणि तिथे मुलाच्या आईबापाला बिल दिलंच जात नाही. ओसाड भागांत, दुसरं हॉस्पिटल दूर असेल तिथे, जास्तीत जास्त २५ खाटांची छोटी हॉस्पिटलं सरकार जादा पैसे देऊन जगवतं. १९९७ च्या कायद्याने ती सोय झाली.

बहिणीचं हॉस्पिटल ना-नफा. अशा हॉस्पिटलला कर माफ असतो. पूर्वी या माफीच्या बदल्यात ऐपतीप्रमाणे गरिबांवर उपचार करण्याची अट होती. १९६९ मध्ये ती सैल होऊन नुसतं 'समाजाचं भलं' एवढं उरलं. २०१० च्या आरोग्य कायद्याने पुन्हा थोडी आवळली. प्रत्येक ना-नफा हॉस्पिटलकडे आर्थिक मदतीचं लेखी धोरण हवं, ते लोकांना दिसेल असं ठेवायला हवं. त्यात बसणाऱ्याकडून विमावाल्यांना साधारण लागतो त्यापेक्षा जास्त भाव घेता येत नाही. पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. हे सगळं बिलाच्या मागच्या बाजूला तीन ओळींत छापलं होतं.

मी अर्ज करायला सांगितलं. बहीण गप्प. मग तिचे शौहर फोनवर आले. ते शांत स्वभावाचे आहेत, पण त्या दिवशी आवाज चढला. आपण जकात देणारी माणसं, परक्या देशात ईसाई लोकांच्या दारात खैरात मागायची का, असं त्यांचं म्हणणं. हप्ते बांधून घेऊ, वीस वर्षं फेडू. मला त्यांचा राग आला नाही. आमचे अब्बाही असंच बोलले असते. मी त्यांना फ्रँकलिनची गोष्ट सांगितली नाही, कराची सांगितली. गोदामात राबून तुम्ही तीन वर्षं कर भरला. हे हॉस्पिटल भरत नाही. ते जे भरत नाही त्याच्या बदल्यात त्याने हा अर्ज ठेवलाय. मग हा मागणं झालं की हिशोब? ते म्हणाले, "आपा, विचार करतो." चार दिवसांनी बहिणीने मला पगारबंदीचं पत्र, कराचे कागद आणि बँकेचा उतारा यांचे फोटो पाठवले. सही त्यांची होती.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. हॉस्पिटलचं बिल पूर्ण माफ. सर्जनची आणि भूलवाल्यांची बिलं मात्र राहिली, कारण हॉस्पिटलच्या धोरणाला जोडलेल्या यादीत त्यांची नावं नव्हती. ती दरमहा थोडी थोडी फिटताहेत. शौहरना आता दुसरी नोकरी लागलीय, विम्यासकट. नफ्यासाठी चालणारं हॉस्पिटल असतं तर हा कायदा लागू झाला नसता. काही कंपन्या स्वतःहून सवलत देतात, पण ती त्यांची मर्जी.

इन्शाअल्लाह पुढच्या उन्हाळ्यात अम्मी नातवंडांना भेटायला जाणार आहेत. त्यांचा प्रवासी विमा काढला, पण तो कागद ओळ न ओळ वाचून. कारण साखर आणि ब्लडप्रेशर यांसारखी जुनी दुखणी अशा विम्यांत पुष्कळदा बसत नाहीत. त्यांच्या गोळ्यांची कंपनीची नव्हे, औषधाची मूळ नावं इंग्रजीत लिहून घेतली. बहिणीच्या घरापासून दोन हॉस्पिटलं सारख्याच अंतरावर आहेत. दोन्हींची नावं मी अम्मींच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहिली आणि प्रत्येकापुढे मालक कोण तेही. अम्मींनी फाईल उघडून पाहिली आणि विचारलं, "यातल्या कुठल्या दवाखान्यात ती उर्दू बोलणारी बाई आहे?"

दोन्हीकडे, अम्मी.